माणसं सांभाळायची नोकरी: खान्देशात काम कसं शोधावं

बारावीचे निकाल लागले की मला फोन यायला लागतात. पारोळा, एरंडोल, चोपडा, शिरपूर, कधी थेट धडगावहून. "ताई, तुमच्याकडे जागा आहे का?" एवढाच प्रश्न असतो. कोणाला नर्सिंगला प्रवेश मिळालेला नसतो, कोणाचा नवरा गेलेला असतो, कोणी एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेऊन दोन वर्षं घरी बसलेलं असतं. मी जळगाव जिल्ह्यातल्या एका वृद्धाश्रमात अधीक्षक आहे. त्याआधी बरीच वर्षं जळगाव आणि भुसावळला लोकांच्या घरी जाऊन दिवसपाळी-रात्रपाळीची कामं केली. आता माणसं निवडायचं काम माझ्याकडे असतं. त्यामुळे निवडणारा काय बघतो आणि काम मागणारा कुठे अडतो, हे दोन्ही मला रोज दिसतं. फोनवर प्रत्येकाला सगळं सांगणं होत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

काम आहे, भरपूर आहे. जळगावच्या कुठल्याही जुन्या कॉलनीत संध्याकाळी फिरून या. अंगणात दोन म्हातारी माणसं बसलेली आणि वरचा मजला बंद, अशी घरं ओळीने दिसतील. मुलं पुण्याला, नाशिकला, सुरतला. भुसावळला रेल्वेतून निवृत्त झालेले, आयुध निर्माणीतून निवृत्त झालेले, दीपनगरच्या वीज केंद्राचे पेन्शनर. रावेर-यावलकडे केळीवाल्यांची मोठी घरं, माणसं मात्र दोनच. नंदुरबारकडे वळलात तर गरज वेगळी: तिथे काळजी लहान मुलांची, बाळंतिणींची, कुपोषणाची. म्हणजे "सामाजिक क्षेत्रात काम हवंय" असं म्हणून चालत नाही. आधी कोणासाठी काम करायचं ते ठरवावं लागतं, कारण प्रत्येकाचा दरवाजा निराळा आहे.

कोणासाठी काम करणार?

म्हातारी आणि अंथरुणाला खिळलेली माणसं हे सगळ्यात मोठं क्षेत्र. घरी जाऊन सांभाळणं, वृद्धाश्रम, खासगी दवाखान्यातली मावशी किंवा वॉर्डबॉय, ही सगळी कामं यात आली. दहावी-बारावी पुरते. जनरल ड्यूटी असिस्टंट, म्हणजे ज्याला सगळे जीडीए म्हणतात तो काही महिन्यांचा कोर्स केलेला असेल तर पगार थोडा बरा ठरतो. पण कोर्स निवडताना एकच गोष्ट विचारा: दवाखान्यात प्रत्यक्ष काम किती आठवडे आणि कोणत्या दवाखान्यात? ज्या केंद्रात नुसता फळा आणि एक प्लास्टिकचा बाहुला आहे, तिथलं प्रमाणपत्र घेऊन आलेल्या मुलीला साधी चादर बदलता येत नाही, हे मी अनेकदा पाहिलं आहे. एएनएम दोन वर्षांचं, जीएनएम तीन वर्षांचं, आणि त्यानंतर महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी. "सहा महिन्यांत नर्स" असा फलक जिथे असेल तिथून सरळ पुढे चालू लागा.

मुलग्यांसाठी मुद्दाम सांगते. पुरुष रुग्णाला आंघोळ घालायला, उचलायला पुरुष मदतनीस लागतो आणि तो मिळत नाही. बारावीला नापास झालेला, पण शांत स्वभावाचा आणि पाठीने दणकट मुलगा माझ्याकडे आला तर मी त्याला परत पाठवत नाही.

दिव्यांग मुलांच्या आणि प्रौढांच्या शाळा, वसतिगृहं, कार्यशाळा हे दुसरं. इथे काळजीवाहक म्हणून जायचं असेल तर शिक्षणाची अट हलकी असते. शिकवायचं असेल तर मात्र विशेष शिक्षणाची पदविका किंवा पदवी हवी आणि भारतीय पुनर्वास परिषदेच्या नोंदवहीत नाव हवं. १९९२ च्या कायद्याने ही परिषद आली आणि तिच्या नोंदणीशिवाय हे व्यावसायिक काम करता येत नाही. कोर्सला पैसे भरण्याआधी तो परिषदेच्या मान्य यादीत आहे का, हे त्यांच्या संकेतस्थळावर स्वतः बघा, कॉलेजच्या तोंडी आश्वासनावर जाऊ नका. जळगावात दीपस्तंभ फाउंडेशनच्या मनोबल प्रकल्पात दिव्यांग आणि अनाथ तरुण राहून शिकतात. असं ठिकाण एकदा बघून आलात की हे काम आपल्याला मानवेल की नाही ते लवकर कळतं.

मुलांचं क्षेत्र म्हणजे बालगृह, निरीक्षणगृह, शिशुगृह, जिल्हा बाल संरक्षण कक्ष आणि १०९८ ची हेल्पलाइन. काळजीवाहक, गृहमाता यांना शिक्षण कमी चालतं. समुपदेशक, परिविक्षा अधिकारी, क्षेत्रीय कार्यकर्ता या पदांना समाजकार्याची किंवा मानसशास्त्राची पदवी लागते. खान्देशात त्यासाठी बाहेर जायची गरज नाही. जळगावला, अमळनेरला, चोपड्याला आणि धुळ्याजवळ मोराण्याला समाजकार्य महाविद्यालयं आहेत आणि ती कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला जोडलेली आहेत. एमएसडब्ल्यू करणाऱ्यांनो, क्षेत्रकार्य नुसती डायरी भरण्यासाठी करू नका. ज्या संस्थेत तुम्ही दर आठवड्याला जाता, तिथेच पुढे जागा निघते आणि तेव्हा ओळखीचा चेहरा आठवतो.

अडचणीतल्या बायकांसाठी २०१५ पासून सखी वन स्टॉप सेंटर सुरू झाली. केंद्र प्रशासक, केस वर्कर, समुपदेशक, बहुउद्देशीय कर्मचारी अशी पदं तिथे असतात. मार खाऊन आलेली बाई रात्री कधीही येते, त्यामुळे पाळी रात्रीचीही असते. घरातल्यांना आधी विचारून घ्या आणि मगच अर्ज करा. निवड झाल्यावर "रात्रीचं जमणार नाही" म्हणणाऱ्या मुलींमुळे जागा पुन्हा महिनोन् महिने रिकामी राहते आणि तोवर त्या बाईला ऐकून घ्यायला कोणी नसतं.

आणि गावातच राहून करायची कामं: अंगणवाडी आणि आशा. अंगणवाडी सेविका किंवा मदतनीस व्हायला बारावी पास, त्याच गावची रहिवासी आणि वय १८ ते ३५ लागतं. विधवांना ४० पर्यंत सवलत आहे. मुलाखतीत गोड बोलून ही जागा मिळत नाही, गुणांवर यादी लागते. त्यामुळे बारावीची गुणपत्रिका, पुढचं शिक्षण, संगणकाचं प्रमाणपत्र, जातीचा दाखला, विधवा असाल तर त्याचा पुरावा असे सगळे कागद जाहिरात निघण्याआधी तयार हवेत. जाहिरात बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याच्या कार्यालयातून निघते आणि मुदत थोड्या दिवसांची असते. दाखल्यासाठी तहसीलला चकरा सुरू असतानाच ती संपून गेल्याचं मी दरवर्षी ऐकते. आशा ही त्याच गावची विवाहित, विधवा किंवा परित्यक्ता बाई असते आणि तिला कामागणिक मोबदला मिळतो. अंगणवाडीला मानधन आणि आशाला मोबदला. दोन्हींत पगारदार कर्मचाऱ्याचे हक्क नाहीत. हे मला मान्य नाही, पण घर चालवायचं गणित मांडताना तुम्ही ते धरूनच मांडा.

धडगाव, अक्कलकुवा, मोलगी या बाजूला जायची तयारी असेल आणि पावरी किंवा भिली ही तिथली आदिवासी बोली येत असेल, तर तुम्ही कोणत्याही पदवीधरापेक्षा पुढे आहात. तिथे सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाला तीन रंगांची पट्टी लावून घेर मोजतात. ११.५ सेंटिमीटरच्या खाली आला की मूल तीव्र कुपोषित. पट्टी लावायला कोणीही शिकतं. पण आईला "याला दवाखान्यात पंधरा दिवस ठेवावं लागेल" हे तिच्या बोलीत पटवून देणं, घरी राहिलेल्या बाकीच्या लेकरांचं काय करायचं ते तिच्याबरोबर बसून ठरवणं, आणि ऊसतोडीला कुटुंब गुजरातेत निघालं तर ते कुठल्या गावी चाललंय याची नोंद ठेवणं, हे ज्याला जमतं तोच तिथे टिकतो. अर्जात "भाषा" या रकान्यात आपली बोली लिहायला मुलं लाजतात. लिहा, आणि पहिल्या क्रमांकावर लिहा.

हे अहिराणीलाही लागू आहे. अर्धांगाचा झटका आलेली एखादी आजी आयुष्यभर बँकेत मराठी बोललेली असते, पण झटक्यानंतर तिच्या तोंडून "मन्हं पोट दुखस" एवढंच निघतं. त्या घरात अहिराणी समजणारी मुलगी पहिल्या दिवशी घरची होते.

घरी केलेलं काम अर्जात येऊ द्या

अनुभव काय, असं विचारलं की बहुतेक जणी "काही नाही" म्हणतात. मग बोलता बोलता कळतं की सासऱ्यांना शेवटची तीन वर्षं हिनेच सांभाळलं. नाकातल्या नळीतून पातळ जेवण दिलं, लघवीची पिशवी रिकामी केली, पाठीला जखम होऊ नये म्हणून रात्री उठून कूस बदलली. हा अनुभव नाही तर काय आहे?

तो लिहा, पण नेमका लिहा. "मी कष्टाळू व प्रामाणिक आहे" हे वाक्य प्रत्येक अर्जात असतं, मी ते वाचतसुद्धा नाही. त्याऐवजी असं लिहा: "सासऱ्यांना अर्धांगवायू होता. आंघोळ, डायपर, नळीतून आहार, औषधांच्या वेळा, व्यायाम हे सर्व तीन वर्षं केलं. साखर आणि रक्तदाब यंत्रावर मोजता येतो. रात्रपाळी चालेल. अहिराणी, मराठी, हिंदी बोलते." एका पानाच्या वर जाऊ नका. वृद्धाश्रमासाठी स्वच्छ अक्षरात हाताने लिहिलेला अर्जही चालतो. मी तर हाताने लिहिलेला जास्त आवडीने वाचते.

खाली दोन ओळखीच्या माणसांची नावं आणि नंबर द्या. नातेवाईक नको. घरच्या रुग्णाला तपासणारे डॉक्टर, उपकेंद्राची सिस्टर, शाळेचे मुख्याध्यापक, बचत गटाची अध्यक्ष, यांपैकी कोणीही. त्यांना आधी विचारून ठेवा, म्हणजे माझा फोन गेल्यावर ते गोंधळणार नाहीत. मी फोन करतेच.

कागदांचा एक संच तयार असू द्या: आधार, गुणपत्रिका, रहिवासी दाखला, फोटो, पोलिसांचं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र. मुलांच्या संस्थेत तर या पडताळणीवाचून कोणी दारात उभं करत नाही, आणि करूही नये. अजून एक गोष्ट जी कोणी सांगत नाही: हिपॅटायटिस बी ची लस घेऊन ठेवा. तीन डोस असतात, पहिला, एक महिन्याने दुसरा आणि सहाव्या महिन्यात तिसरा. रक्त, जखमा, वापरलेल्या सुया यांच्याजवळ वावरायचं आहे. हे संरक्षण तुमच्यासाठी आहे.

जागा कुठे कळतात

सरकारी आणि कंत्राटी जागांसाठी जिल्ह्याच्या संकेतस्थळावरचा भरतीचा भाग, जिल्हा परिषदेचं संकेतस्थळ आणि जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्याच्या कार्यालयाबाहेरचा फलक, हे तिन्ही आठवड्यातून एकदा बघा. राज्य सरकारच्या महास्वयम रोजगार पोर्टलवर नाव नोंदवून ठेवा. यातल्या बऱ्याच जागा करार पद्धतीच्या असतात, कायम नसतात. जाहिरातीत "मानधन तत्त्वावर", "बाह्यस्रोताद्वारे" असे शब्द असतील तर ते काय म्हणतात ते समजून घेऊन अर्ज करा.

घरगुती कामाची मात्र जाहिरात निघत नाही. ती तोंडोतोंडी जाते आणि ज्यांच्या तोंडून जाते ती माणसं ठरलेली आहेत. पहिला, मोठ्यांचे डायपर आणि एअर बेड विकणारा मेडिकलवाला. कोणाच्या घरी माणूस अंथरुणाला लागलाय हे त्याला डॉक्टरांच्या खालोखाल कळतं. दुसरे फिजिओथेरपिस्ट, ते रोज घरोघरी जातात. तिसरं, हाडांच्या दवाखान्यात सुट्टीचे कागद करणारी बाई. खुब्याचं ऑपरेशन झालेल्या आजीला घरी नेताना मुलगा तिलाच विचारतो, "कोणी बाई मिळेल का हो?" डायलिसिसच्या खोलीबाहेर बसलेले नातेवाईक, ज्येष्ठ नागरिक संघ, पेन्शनर संघटना हेही आहेत. यांच्याकडे एका चिठ्ठीवर नाव, नंबर, गाव, कोणती पाळी चालते आणि काय काय येतं एवढं लिहून द्या. दर पंधरा दिवसांनी तोंड दाखवा. "काम आहे का" विचारायला लाजू नका, तुम्ही हात पसरत नाही आहात, त्यांना हवं असलेलं माणूस त्यांच्यापर्यंत आणून देता आहात.

वृद्धाश्रमात आणि संस्थेत सकाळी अकराच्या सुमारास जा. आठ वाजता आंघोळी, नाश्ता, औषधं चाललेली असतात, तेव्हा कोणाला बोलायला सवड नसते. अधीक्षक नसतील तर अर्ज ठेवून या आणि शक्य असेल तर दोन-तीन दिवस नुसतं येऊन काम बघू देता का, असं विचारा. आम्ही बघू देतो. त्यात तुम्हालाही कळतं की वास, आरडाओरडा, तोच प्रश्न दिवसातून वीस वेळा विचारणारे आजोबा हे आपल्याला झेपतं की नाही. न झेपणं यात वाईट काही नाही. झेपत नसताना पगारासाठी रेटणं हे त्या आजोबांसाठी वाईट.

भेटीला बोलावल्यावर

मी खुर्चीत बसवून प्रश्न विचारत नाही. "चला, एक चक्कर मारू," म्हणते आणि उमेदवाराला घेऊन खोल्यांतून फिरते. ती काय बघते ते मी बघत असते. मागे दोंडाईच्याकडची एक मुलगी आली होती, फार बोलत नव्हती. एका खोलीत डाव्या अंगाला लकवा झालेल्या एक आजी होत्या आणि त्यांचा पाण्याचा तांब्या डाव्या हाताच्या स्टुलावर होता. मुलीने मला न विचारता तो उचलून उजवीकडे ठेवला, मग आजींना म्हणाली, "आजी, इथे ठेवलाय बरं का." मी तिला दुसऱ्या दिवसापासून या म्हटलं.

मग मी एखाद्या बाबांना पलंगावरून खुर्चीत बसवायला सांगते. हे नीट शिकून या, कारण इथेच निम्मे लोक अडतात. आधी बाबांना सांगायचं की आपण काय करणार आहोत. पलंगाची उंची अशी हवी की त्यांचे पाय जमिनीला टेकतील. खुर्ची त्यांच्या चांगल्या बाजूला, पलंगाला तिरकी लावायची आणि चाकाची खुर्ची असेल तर दोन्ही ब्रेक लावून, हलवून खात्री करायची. त्यांना कडेला बसवून मिनिटभर थांबायचं, एकदम उठवलं तर चक्कर येते. पायात न घसरणारी चप्पल हवी. मग आपले गुडघे वाकवून, पाठ ताठ ठेवून, कमरेला आधार देत उठवायचं. लुळ्या हाताला धरून कधीही ओढायचं नाही, खांदा निखळतो. आणि तुम्ही काखेत हात घालून उचलायला गेलात की मला कळतं, कोणी शिकवलेलं नाही.

जेवण भरवतानाही तसंच. मऊ खिचडी असो की आमटीत कुस्करलेली कळण्याची भाकरी, माणूस ताठ बसलेला हवा. छोटा घास, चांगल्या बाजूने. पहिला गिळल्याची खात्री झाल्यावर दुसरा. जेवण झालं की लुळ्या गालात घास अडकलाय का ते बघायचं आणि अर्धा तास तरी आडवं करायचं नाही. उभ्या उभ्या घास भरवणारी व्यक्ती मी घेत नाही. समोर स्टूल ओढून, त्यांच्या डोळ्यांच्या पातळीला बसून भरवा.

मुलांच्या संस्थेत मुलाखत असेल तर एक प्रश्न हमखास येतो: एखाद्या मुलाने सांगितलं की अमक्याने मला वाईट हात लावला, तर काय कराल? "मी त्याला समजावेन," "आधी खरं-खोटं तपासेन" ही उत्तरं चुकीची आहेत. २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे अशी गोष्ट कळलेल्या कोणालाही ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, लपवणं गुन्हा आहे. मुलाचं शांतपणे ऐकून घ्यायचं, पुन्हा पुन्हा खोदून विचारायचं नाही, त्याच्याच शब्दांत लिहून ठेवायचं, प्रभारींना सांगायचं आणि तक्रार पोलिसांपर्यंत पोचली याची स्वतः खात्री करायची. संस्थेतल्या मुलांचे फोटो स्टेटसला ठेवायचे नाहीत, वाढदिवसाचेसुद्धा. त्यांची ओळख उघड करणं बाल न्याय कायद्याने मना आहे.

तुम्ही कुठवर काम करणार, हेही भेटीतच स्पष्ट सांगा. इंजेक्शन देणं, सलाईन लावणं, नळी घालणं हे नोंदणीकृत नर्सचं काम आहे. घरची माणसं "ताई, तुम्हाला जमेल हो" म्हणून गळ घालतात. ठामपणे नाही म्हणा. जी बाई "मला सगळं येतं" म्हणते तिची मला भीती वाटते.

हो म्हणण्याआधी

सेवेचं काम आहे म्हणून पैशाचं बोलू नये, असा एक समज आपल्याकडे घट्ट बसला आहे. त्याच समजावर कित्येक बायकांनी चोवीस तासांचं काम बारा तासांच्या पैशात केलं. ज्या माणसाला झोप नाही, त्याच्या हातून औषध चुकतं. स्वतःची झोप आणि पगार ठरवून घेणं हे रुग्णाच्याही भल्याचं आहे.

घरगुती काम असेल तर पाळी किती तासांची, चोवीस तासांची असेल तर रात्री सलग झोप किती, आठवड्याची सुट्टी कोणत्या वाराची, त्या दिवशी बदली कोण देणार, जेवण कोणाचं, हे एका साध्या कागदावर दोघांनी लिहून सही करा. त्यातच हेही येऊ द्या की फक्त रुग्णाचं काम करायचं. त्यांचे कपडे, त्यांचं अंथरूण, त्यांची खोली. अख्ख्या घराचा स्वयंपाक आणि धुणंभांडी हे वेगळं काम आहे, त्याचे पैसे वेगळे. झोपायची जागा बघून घ्या: खोलीला आतून कडी आहे का, संडास कोणता वापरायचा. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या घरात जातो. पत्र्याखालच्या खोलीत रुग्ण असेल तर कूलरचं आधीच बोला, रुग्णासाठी आणि तुमच्यासाठीही. पाळी संध्याकाळी संपत असेल तर तुमच्या गावाची शेवटची एसटी किती वाजता आहे ते सांगून मगच वेळ ठरवा.

दर किती मागायचा? त्याच भागात काम करणाऱ्या तिघी-चौघींना विचारा. दवाखान्यात लागत असाल तर किमान वेतनाचे दर बघून जा. त्यातला विशेष भत्ता जानेवारीत आणि जुलैत बदलतो, म्हणून दर ताजे हवेत. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, वीस किंवा जास्त असतील तर भविष्यनिर्वाह निधी, हे विचारायला घाबरू नका. विचारलं म्हणून जी संस्था नाही म्हणते, ती पुढे पगारही वेळेवर देत नाही. घरगुती काम करणाऱ्यांनी असंघटित कामगारांच्या ई-श्रम पोर्टलवर नाव नोंदवून कार्ड काढावं.

कामाच्या ठिकाणी कोणी अंगचटीला आलं तर २०१३ चा कायदा घरकामगार बाईलाही लागू आहे. तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. त्या घरी पुन्हा पाऊल न ठेवताही ती करता येते. १८१ हा महिलांचा नंबर फोनमध्ये आजच साठवा. आणि उलट बाजूही आहे: तुम्ही सांभाळता त्या आजोबांना घरचेच उपाशी ठेवत असतील, मारत असतील, तर १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे. नोकरी जाईल या भीतीने गप्प राहू नका.

घरोघरी मदतनीस पुरवणाऱ्या ब्यूरोमार्फत काम घेणार असाल तर तीन गोष्टी पाहा. नोंदणीच्या नावाने आधी पैसे मागतात का, मूळ कागद ठेवून घेतात का, आणि घरचे ब्यूरोला किती देतात व तुमच्या हातात किती येतात हे उघड सांगतात का. पहिल्या दोन्हींचं उत्तर "नाही" आणि तिसऱ्याचं "हो" आलं तरच नाव द्या. मूळ गुणपत्रिका कोणाच्याही कपाटात ठेवायची नाही, झेरॉक्स द्यायची. अंगणवाडीची किंवा कंत्राटी जागा "लावून देतो" म्हणणारा भेटला तर त्याला एक रुपयाही देऊ नका. गुणांच्या यादीत तो काही बदलू शकत नाही.

आता परदेशाचं. आखातात, इस्रायलला केअरगिव्हर म्हणून पाठवतो असे मेसेज फिरतात. काही खरे असतात. पण एजंटकडे परराष्ट्र मंत्रालयाचा परवाना आहे का हे ई-मायग्रेट पोर्टलवर तपासता येतं, आणि नोंदणीकृत एजंटला सेवाशुल्क म्हणून ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी, याहून जास्त घेता येत नाही. लाखांत आकडा सांगणाऱ्यापाशी थांबू नका. शेत गहाण ठेवून तर मुळीच नको.

पहिला महिना दोघांसाठीही बघण्याचा असतो. एक वही करा आणि रोज वेळेसह लिहा: किती खाल्लं, किती पाणी, लघवी-संडास, औषध कोणतं किती वाजता, कूस कधी बदलली, पाठीवर किंवा टाचेवर लाली दिसली का. अंथरुणावरच्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलायची असते. वहीत त्या वेळा दिसल्या की पुण्याहून आलेल्या मुलालाही समजतं आणि डॉक्टरलाही. काही बिघडलं तर आळ तुमच्यावर येत नाही. पैसे, दागिने, एटीएम कार्ड यांना हात लावू नका, आजींनी प्रेमाने दिलं तरी. भाजी आणायला दिलेल्या पैशांचा हिशोब त्याच वहीच्या मागच्या पानावर ठेवा.

आणि हे काम कधीतरी संपतं. रुग्ण बरा होतो, किंवा जातो, किंवा मुलगा आईला पुण्याला घेऊन जातो. तुम्हीच सोडणार असाल तर पंधरा दिवस आधी सांगा आणि नव्या बाईबरोबर दोन दिवस राहून तिला सगळं दाखवा: गोळी कशात कालवून दिली की घेतात, कोणत्या कुशीवर झोप लागते, संध्याकाळी कशाने घाबरतात. निघताना घरच्यांकडून किंवा संस्थेकडून अनुभवाचं पत्र मागून घ्या. त्यात कधीपासून कधीपर्यंत, कोणत्या आजाराच्या रुग्णाचं, कोणतं काम केलं ते असू द्या. खाली सही, तारीख आणि फोन नंबर हवा, संस्था असेल तर शिक्काही. "वागणूक चांगली आहे" एवढंच लिहून देत असतील तर थांबा आणि कामं एकेक करून लिहवून घ्या.